रेस्क्यू कोर्समध्ये इन्स्ट्रक्टरच बुडणारा झाला तर बाकीच्यांवर नजर कोणाची?

वेंगुर्ल्याची_लाट

नमस्कार मंडळी. सध्या मालवणात स्कुबाच्या रेस्क्यू डाईव्हरचा (अडचणीतल्या डाईव्हरला वाचवायचा) कोर्स करतेय. त्याआधीचा ॲडव्हान्स्ड कोर्स झालाय, प्रथमोपचार आणि सीपीआरचा भागही उरकलाय, आता पाण्यातले सराव चालू आहेत. सेंटरचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत आणि प्रश्न त्यांच्यापुरता नाहीच आहे.

आम्ही तिघं विद्यार्थी, एक इन्स्ट्रक्टर. बोट किल्ल्याच्या मागच्या अंगाला नांगरलेली, बोटीवर तांडेल (बोट चालवणारा) आणि एक पोऱ्या. त्या दिवशी पॅनिक झालेल्या डाईव्हरचा सराव होता. सर स्वतःच व्हिक्टिम झाले. मास्क कपाळावर, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) तोंडातून काढून टाकलेलं, दोन्ही हात पाण्यावर आपटत थेट माझ्या अंगावर. मी शिकवल्याप्रमाणे हाताच्या टप्प्याबाहेर थांबून ओरडले, बीसीडी (हवा भरायचं जाकीट) फुगवा, वेट (अंगावरची वजनं) टाका. ते ऐकत नाहीत म्हटल्यावर खाली गेले, मागून वर आले, टाकी दोन्ही गुडघ्यांत धरली आणि त्यांची बीसीडी फुगवली. छान जमलं. पण हे होईस्तोवर बाकीचे दोघं वीस-पंचवीस मीटरवर नुसते तरंगत होते आणि ओहोटी लागलेली. मी वर बघितलं तर त्यातला एक चांगलाच लांब वाहत गेलेला, पायात गोळा आलेला, फिनचं टोक धरून पाय ताणत बसलेला. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, शेवटी तांडेलाने हाक मारली.

नंतर सरांना विचारलं तर म्हणाले मी नाटक करत असलो तरी एक डोळा तुमच्यावर असतो. मला हे पटलेलं नाही. तोंडात पाणी जातंय, मागून कोणीतरी टाकी धरलीय, अशा माणसाचा डोळा दुसरीकडे राहणार कसा? माझं मत असं की व्हिक्टिम दुसऱ्या कोणीतरी व्हावं आणि इन्स्ट्रक्टरने मोकळं राहून सगळ्यांकडे बघावं. तुमच्याकडे कसं करतात? अनुभव लिहा प्लीज, पुढच्या आठवड्यात बेशुद्ध डाईव्हरचा सराव आहे, त्याआधी मला सरांशी बोलायचंय.

सोलकढी_फॅन

वाचतोय. माझा ओपन वॉटरच (पहिला कोर्स) झालाय अजून, पण रेस्क्यू करायचाय.

निवती_लाईट

चांगला प्रश्न आहे ताई. मी डाईव्हमास्टर (इन्स्ट्रक्टरच्या खालची पायरी) म्हणून दोन-तीन सीझन असिस्ट केलंय म्हणून लिहितो. तिघांमागे एक इन्स्ट्रक्टर हा आकडा नियमात सहज बसतो, त्यावरून कोणी बोट दाखवू शकणार नाही. पण तो आकडा धरताना गृहीत असतं की इन्स्ट्रक्टर बघायला मोकळा आहे. तो स्वतःच भूमिकेत शिरला की त्या दहा मिनिटांपुरते तीन विद्यार्थी आणि शून्य इन्स्ट्रक्टर. व्हिजिबिलिटी पाच मीटर असेल आणि पाणी ओढत असेल तर दहा मिनिटं म्हणजे फार झाली.

फिनवाला_मास्तर

मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

घाबरलेल्याची भूमिका इन्स्ट्रक्टरने करण्याला कारण आहे. विद्यार्थ्याला व्हिक्टिम केलं की दोनपैकी एक होतं, एकतर तो लाजून नुसता हात हलवत बसतो, नाहीतर अंगात आल्यासारखा समोरच्याचा मास्क ओढतो, रेग्युलेटर ओढतो, आणि खरा अपघात तिथेच व्हायची वेळ येते. जोर कुठवर लावायचा, समोरची व्यक्ती खरंच दमली की अजून तग धरेल, कुठल्या क्षणी नाटक सोडायचं हे सरावाने कळतं. मी व्हिक्टिम असतो तेव्हा माझे हात रेस्क्यूअरच्या अंगावर असतात, त्याचा श्वास कसा चाललाय ते मला बोटीवरून बघणाऱ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यामुळे लाट यांचे सर अगदीच चुकीचं करतायत असं मी म्हणणार नाही.

मात्र बाकीच्यांना मोकळं सोडायचं नाही हे शंभर टक्के खरं. मी एकटा असेन तर बोटीच्या मागे बोया बांधून लांब दोर सोडतो आणि ज्यांचा नंबर नाही त्यांनी तो दोर धरूनच थांबायचं, बीसीडी फुगवलेली, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर किंवा स्नॉर्कल तोंडात. ओहोटी लागो की भरती, माणूस जागेवर राहतो. शिवाय दोर धरलेले दोघं एकमेकांचे बडी (जोडीदार), एकाला गोळा आला तर दुसऱ्याने सोडवायचा. तोही रेस्क्यूचाच सराव झाला की.

सर्जेकोटचो_झिल

माका ती इंग्रजी नावां ठाऊक नाय पण बोट आमचीच असता. आमच्या बापाशीचो नियम आसा, मुंडकी मोजल्याबिगर नांगर उचलूचो नाय. पाण्यात गेले किती, वर इले किती. सरांचो डोळो खंय असात तो असांदे, तांडेलाचो डोळो पाण्यारच होयो. पण तांडेलाक आदी सांगूक व्हया ना, आज नाटक आसा म्हणान! एकदा कोणी काय सांगूक नाय, एक बाई पाण्यात "वाचवा वाचवा" करून बोंबलूक लागली, आमच्या पोरान लाइफरिंग फेकल्यान ती नेमकी सरांच्या टकलेर.

सोलकढी_फॅन

टकलेर 😂😂 म्हणजे सर तेव्हा खरेच व्हिक्टिम झाले

खाडीपलीकडची

झिल यांनी हसत हसत मुद्दा मात्र महत्त्वाचा सांगितलाय. आमच्याकडे देवबागच्या बाजूला किनाऱ्यावरून सराव चालला होता, रेस्क्यूअरने मदतीला हाक मारायची असते म्हणून पोरगी जीव खाऊन ओरडली, आणि तिकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं दोर टाकून धावत पाण्यात. त्यातले दोन आजोबा तर कमरेएवढ्या पाण्यात पोचलेसुद्धा. त्यांना समजावून सांगताना आम्हालाच भरून आलं, कारण त्यांनी क्षणभरही विचार केला नव्हता. त्यानंतर आम्ही आधी किनाऱ्यावर जाऊन जीवरक्षक, रापणवाले, शहाळेवाले सगळ्यांना सांगतो की आता आरडाओरडा होईल, तो सराव आहे.

आणि खरं संकट आलं तर काय ओरडायचं तेही ठरवून ठेवावं लागतं. सरावात "वाचवा", "हेल्प", "मला काही होतंय" यातलं काहीही भूमिकेचा भाग असू शकतं. म्हणून एक शब्द असा ठेवतो की तो उच्चारला की नाटक तिथल्या तिथे बंद, मग उच्चारणारा व्हिक्टिम असो, रेस्क्यूअर असो की दोर धरून थांबलेला. पाण्याखाली शब्द नाही, म्हणून समोरच्याचा दंड तीनदा घट्ट दाबायचा. लाट, तुमच्या सरांनी असं काही ठरवून दिलं होतं का?

वेंगुर्ल्याची_लाट

नाही खाडीपलीकडची, असं काही ठरलं नव्हतं. ज्याच्या पायात गोळा आला तो हात हलवत होता म्हणे, पण आम्हाला वाटलं तो पुढच्या सरावाची तयारी करतोय! नेमकं हेच मला खटकतंय. आणि मास्तर, दोराची आयडिया फार आवडली, हे तर खर्चाचंही काम नाही.

ठाण्याचा_शार्क

मी जरा वेगळं बोलतो. मला उलट अनुभव आहे. मी कोर्स परदेशात केला, तिथे दोन असिस्टंट, एक इन्स्ट्रक्टर, विद्यार्थी दोनच. प्रत्येक सरावात कोणीतरी हाताच्या अंतरावर. मी चुकणार असं दिसलं की लगेच खांद्यावर हात, असं नाही असं कर. कार्ड मिळालं पण कोर्सभर एकही निर्णय मी स्वतःचा घेतला नाही. पुढे गोव्यात ग्रँड आयलंडला एका डाईव्हनंतर एक काका पाण्यावर येऊन गटांगळ्या खायला लागले तेव्हा मी आधी आजूबाजूला बघितलं की सांगायला कोण आहे. सुदैवाने बोटीवरच्या पोराने रिंग टाकली. अति देखरेखही शिकू देत नाही लोकहो. थोडं चुकू द्यावं, वाहत जाऊ द्यावं.

निवती_लाईट

शार्क, देखरेख आणि सारखं मधे पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना भाऊ. मधे न पडता बघत राहणं जास्त अवघड आहे, आणि तेच चांगल्या इन्स्ट्रक्टरचं काम. वाहत जाऊ द्यावं म्हणता, पण कोण किती वाहिला हे बघणारा तर पाहिजे.

फिनवाला_मास्तर

माझी पद्धत सांगतो, पटेल ती घ्या. कोर्सचे दोन टप्पे असतात. पहिल्यात एकेक कौशल्य: दमलेल्याला ओढणं, पॅनिक, पाण्याखाली अडचणीत आलेला डाईव्हर, हरवलेला डाईव्हर, बेशुद्धाला वर आणणं, मग पृष्ठभागावर श्वास देणं, पाण्याबाहेर काढणं, ऑक्सिजन. इथे मी जवळ असतो, बोलतो, थांबवतो, पुन्हा करायला लावतो. आधी स्विमिंग पूलमध्ये किंवा छातीएवढ्या पाण्यात, मग खोल. तारकर्लीला एमटीडीसीच्या इस्दामध्ये (स्कुबा शिकवणारी संस्था) पूल आहे, सगळ्यांच्या वाट्याला असं येत नाही, पण शांत सकाळी किनाऱ्याजवळही चालतं.

दुसऱ्या टप्प्यात सीनारिओ, म्हणजे अख्खा प्रसंग उभा करून सराव. तिथे मी तोंड बंद ठेवतो. शार्क म्हणतात तसं चुकू देतो, गोंधळू देतो. मधे पडायची माझी कारणं ठरलेली आहेत आणि ती मी आधीच सांगतो: कोणी श्वास रोखून वर येतोय, कोणी फार वेगाने वर सुटलाय, कोणाची हवा ५० बारच्या खाली गेलीय, कोणी टीमपासून तुटलाय, किंवा तो ठरलेला शब्द. या पाचांखेरीज कितीही गोंधळ झाला तरी गप्प. आणि एक, सीनारिओत मी व्हिक्टिम होत नाही. तिथे दुसरा माणूस लागतोच, नसेल तर सीनारिओ पुढे ढकलतो.

वेगाने वर येण्यावर मी एवढा का अडतो तर रेस्क्यूच्या सरावात लोक खोलीला विसरतात. फुप्फुसाला इजा व्हायला मीटर-दीड मीटरचा फरकसुद्धा पुरतो, श्वास रोखलेला असेल तर. बेशुद्ध झालेल्याचं नाटक करणारा खरा जिवंत माणूस आहे, त्याला वर नेताना त्याचा श्वास चालू हवा, रेग्युलेटर तोंडात धरून ठेवायचं, मान सरळ, आणि रेस्क्यूअरनेही श्वास घेत राहायचं. घाईत दोघंही विसरतात.

खाडीपलीकडची

मास्तरांची ती पाच कारणं वहीत लिहून घेतली.

आता टीमचं बोलू, कारण धाग्यात सगळे इन्स्ट्रक्टरवरच अडकलोय. आमच्या सीनारिओत पहिल्यांदा काय झालं ते आठवून अजून हसू येतं. "एक डाईव्हर वर आलेला नाही" असं कळलं आणि चारच्या चार जण पाण्यात उड्या मारून मोकळे. बोटीवर कोणीच नाही. ऑक्सिजनची पेटी बंद, फोन पिशवीत, कितीला शेवटचा दिसला ते कोणी बघितलेलं नाही. तळाशी गेल्यावर चौघं चार दिशांना. पाच मिनिटांनी इन्स्ट्रक्टरने ठरलेली खूण करून एकेकाला थांबवलं आणि विचारलं, आता किती जण हरवलेत?

दुसऱ्या खेपेला कामं वाटून घेतली. जो पहिला बोलला तो लीडर आणि लीडरने पाण्यात उतरायचं नाही. एक जण घड्याळ आणि पाटीवर नोंद. बाकी दोघं बडी म्हणून खाली, शेवटचे बुडबुडे दिसले तिथे बोया टाकून तिथूनच वाढत्या चौकोनात शोध. तांडेलाने फक्त बुडबुड्यांवर नजर ठेवायची. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात पॅटर्न न पाळता शोधणं म्हणजे आपण तीच जागा तीनदा बघतो आणि शेजारचा खडप (खडक) तसाच राहतो. व्हिक्टिम झालेला डाईव्हमास्टर त्या खडपाच्या आडोशाला बसला होता, त्याची टाकी सापडली तेव्हा पाण्याखाली ओरडले मी.

मोरी_मसाला

लीडरने बोटीवर थांबायचं हे ऐकायला सोपं आहे. आमच्यात जो सगळ्यात चांगला पोहतो तोच लीडर असतो आणि त्यालाच राहवत नाही.

आडगावचा_डॉक्टर

डाईव्हिंगही करतो आणि दवाखानाही चालवतो, म्हणून बेशुद्ध डाईव्हरच्या सरावाबद्दल सविस्तर लिहितो, लाट यांचा तोच येतोय.

पाण्यात सीपीआर होत नाही. छाती दाबायला खाली काहीतरी टणक लागतं. पाण्यात करता येतं ते एवढंच की श्वास देणं, आणि बुडालेल्या माणसाला तेच सगळ्यात आधी हवं असतं. पृष्ठभागावर आणलं की उताणा करा, दोघांच्याही बीसीडीत हवा, वेट टाका, मास्क आणि रेग्युलेटर काढून श्वास तपासा, नसेल तर दोन श्वास द्या. मग दर पाच सेकंदाला एक. बोट किंवा किनारा पाच मिनिटांच्या आत असेल तर श्वास देत देत ओढा. त्याहून लांब असेल तर जागेवर मिनिटभर श्वास द्या, काही हालचाल किंवा प्रतिसाद दिसला नाही तर श्वासासाठी न थांबता सरळ ओढत न्या, कारण हृदय थांबलं असेल तर त्याला टणक जागा हवी आहे. बोटीवर आल्यावर पुन्हा आधी श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने.

यात टीमचं काम कुठे, तर दर पाच सेकंदाचा हा ताल एकट्याने सांभाळून त्याच वेळी बीसीडीचे बक्कल सोडवणं फार कठीण. दोघं असाल तर एकाने फक्त डोकं आणि श्वास, दुसऱ्याने बक्कल, वेट, टाकी आणि ओढणं. मोठ्याने मोजा. मोजणाऱ्याचा आवाज थांबला की दुसऱ्याने लगेच विचारायचं, श्वास दिलास का?

निवती_लाईट

डॉक्टरांच्या पोस्टला जोड. पकड कशी असते ते लिहितो, पुस्तकातल्या चित्रात कळत नाही. व्हिक्टिम उताणा, तुम्ही त्याच्या कुशीजवळ. तुमचा डोक्याच्या बाजूचा नसलेला हात त्याच्या दंड आणि बरगडीच्या मधून खालून घालायचा आणि त्याच्या टाकीला किंवा बीसीडीच्या पट्ट्याला धरायचं. दुसरा हात डोक्याखाली किंवा हनुवटीवर. आता फक्त मनगट फिरवलं की तो तुमच्याकडे कलतो, श्वास दिला की परत सरळ. पॉकेट मास्क (तोंडावर धरून श्वास द्यायचा छोटा मास्क) असेल तर डोक्याच्या मागे राहून दोन्ही हातांनी मास्क दाबून धरता येतो आणि ओढताही येतं.

आपल्या समुद्रात लाट लहान असली तरी चुबकळ्या येतात. लाट येणाऱ्या बाजूला तुमचं शरीर ठेवा आणि व्हिक्टिमचं तोंड आडोशाला. दोन श्वासांच्या मधे तळहात त्याच्या नाकातोंडावर आडवा धरा, नाहीतर जितकी हवा देताय तितकंच पाणी जाईल. व्हिक्टिमचं काम करणाऱ्या माणसाला विचारा, हे कोण नीट करतं आणि कोण नाही ते त्यालाच कळतं, नाकात पाणी त्याच्याच जातं.

सर्जेकोटचो_झिल

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. ओढून बोटीपर्यंत आणला, पुढे काय? आमच्या फायबर बोटीचा काठ पाण्यापासून उंच, शिडी असली तर बारकी. बेशुद्ध माणूस, तोही सत्तर-ऐंशी किलोचा, ओला सूट घातलेला, हाताला धरून ओढला तर खांदा निखळेल, वर येणार नाही. आम्ही जाळ्याचा जाड तुकडा ठेवतो. एक कड बोटीच्या आत पायाखाली धरायची, मधला भाग पाण्यात सोडायचा, माणसाला बोटीला समांतर त्या झोळीत घ्यायचा आणि दुसरी कड दोघांनी ओढायची. तो गडगडत वर येतो. ताकद निम्मी लागते. ताडपत्रीनेही होतं पण तिच्यात पाणी साठतं, जाळ्यातून निघून जातं.

एकदा सरावात करून बघा. सर लोक वाळूवर काढायचा सराव करून घेतात आणि डाईव्ह मात्र रोज बोटीवरून असते.

फिनवाला_मास्तर

झिलभाऊ, हे मी पुढच्या बॅचला नक्की घेणार. तुम्ही येऊन दाखवाल का?

सर्जेकोटचो_झिल

येतंय की. पण माका टकलेवाल्या सरांसमोर उभो करू नको.

ठाण्याचा_शार्क

विषय थोडा बाजूला जातोय पण विचारतो. रेस्क्यूवाल्यांची एवढी चर्चा, पण मालवणात रोज जे हौशी पर्यटक "स्कुबा" करतात त्यांचं काय? गळ्यात रेग्युलेटर अडकवलं, पाच मिनिटांची ब्रीफिंग आणि चला खाली.

निवती_लाईट

सरसकट म्हणू नका. मालवणातल्या पोरांनी हे पर्यटन स्वतःच्या हिमतीवर उभं केलंय आणि त्यातले कित्येक पाण्यात तुम्हाआम्हाला दहा वेळा विकून खातील. पर्यटकाला हात न सोडता एकास एक नेणारे गाईड मी रोज बघतो. पाडी या स्कुबा शिकवणाऱ्या संघटनेच्या पद्धतीने डीएसडी (कोर्स न करता घ्यायचा स्कुबाचा पहिला अनुभव) करायची तर उघड्या समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार आणि १२ मीटरच्या खाली जायचं नाही. पण अडचण बहुतेकदा पाण्याखाली नसते, ती बोटीवर असते. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. तेव्हा कोणी डाईव्ह करत नव्हतं. सीझनचा शेवट, समुद्र खवळायला लागलेला, बोटीत माणसं भरलेली.

म्हणून म्हणतो, रेस्क्यू कोर्समधे बोट उलटण्याचाही विचार व्हावा. लाइफजॅकेट घालायची नुसती ताकीद नको, ती घालूनच नांगर निघावा.

खाडीपलीकडची

खरंय. तो दिवस इथे कोणी विसरलेलं नाही.

पन्हाळ्याचा_पाणकोंबडा

मी कोल्हापूरहून येतो डाईव्हला. माझा प्रश्न मूळ विषयाला धरूनच आहे: सराव दिवसभर चालतो, चार-पाच वेळा खालीवर होतं, संध्याकाळी लगेच गगनबावड्याने वर निघालं तर चालतं का? आमचे एक सर म्हणतात विमान टाळा, गाडीचं काही नाही.

आडगावचा_डॉक्टर

पाणकोंबडा, तुमच्या सरांना सांगा की शरीराला गाडी आणि विमान कळत नाही, त्याला फक्त उंची आणि हवेचा दाब कळतो. विमानाच्या केबिनचा दाब अंदाजे १८०० ते २४०० मीटर उंचीइतका असतो. आपले घाट तेवढे नाहीत, पण विमानाबद्दलचा जो सल्ला आहे तो साधारण ६०० मीटरपासूनच लागू धरतात, आणि आंबोली त्याच्या वर आहे. एक डाईव्ह असेल तर १२ तास, एकाहून जास्त किंवा लागोपाठ दिवस असतील तर १८ तास. रेस्क्यूच्या सरावात लोक पाच-सहा मीटरवरच खेळतात म्हणून अंगात मुरलेला नायट्रोजन (दाब कमी झाला की ज्याचे बुडबुडे होतात तो) कमी असतो हे खरं, पण खालीवर पुष्कळदा होतं. रात्री मालवणात राहा, सुरमई खा, सकाळी उशिरा निघा.

आणि याचीच दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. डिकम्प्रेशनचा, म्हणजे या बुडबुड्यांच्या आजाराचा, संशय असलेला पेशंट घाटावर चढवून कोल्हापूरला नेऊ नका, वर जाता जाता त्रास वाढू शकतो. आधी १०० टक्के ऑक्सिजन, पाणी शुद्धीवर असेल तरच, आडवं झोपवा, १०८ ला फोन. समुद्रात असाल तर बोटीच्या रेडिओवर व्हीएचएफ १६ किंवा कोस्ट गार्डचा १५५४. रिकम्प्रेशन चेंबर (पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) म्हटलं तर मुंबईत नौदलाचं अश्विनी रुग्णालय, आणि हायवे ६६ कोकणातल्या कोकणात जातो तोच बरा.

ऑक्सिजनचा हिशोब आधी करून ठेवा. करोनात सगळ्यांनी पाहिलेला तो बी टाइप सिलिंडर १५०० लिटरचा. मिनिटाला १५ लिटरने सोडला तर १०० मिनिटं. मालवणहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत रस्त्याने तासभर धरा, त्यात बोटीवरून धक्क्यापर्यंतचा वेळ मिळवा. भरलेला असेल तर पुरतो, अर्धा असेल तर नाही. कितीतरी बोटींवर काटा न बघताच सिलिंडर चढवलेला असतो.

मोरी_मसाला

अंग्रिया बँकला (भर समुद्रातलं पाण्याखालचं प्रवाळाचं पठार) जायची स्वप्नं बघणाऱ्यांनी हा हिशोब दोनदा वाचा. विजयदुर्गहून शंभर किलोमीटरच्या वर आत समुद्रात. तिथे १०० मिनिटांत धक्का दिसणारसुद्धा नाही.

सोलकढी_फॅन

एवढं वाचून रेस्क्यू कोर्स करायची इच्छा वाढली की कमी झाली ते कळत नाहीये. वाढलीच बहुतेक. ताई, सरांशी बोललात का पुढे?

वेंगुर्ल्याची_लाट

बोलले! उशीर झाला उत्तर द्यायला, लग्नघर होतं.

हा धागाच सरांना वाचायला दिला. आधी जरा गप्प झाले, मग मास्तरांच्या पोस्ट दोनदा वाचल्या आणि म्हणाले की पॅनिकचा सराव मीच करणार, तो दुसऱ्याच्या हातात देणार नाही, पण दोर आणि बोया उद्यापासून. यावर माझी हरकत नाही, मास्तरांचं म्हणणं मलाही पटलंय की तिथे नवख्या व्हिक्टिमपेक्षा सर बरे. बेशुद्ध डाईव्हर आणि सीनारिओसाठी मात्र शेजारच्या सेंटरमधल्या डाईव्हमास्टरला बोलवायचं ठरलं. त्याचे पैसे कोण देणार यावर थोडी ओढाताण झाली, शेवटी निम्मे सेंटर, निम्मे आम्ही तिघं. मला ते योग्य वाटलं. सगळा भार सेंटरवर टाकला तर पुढच्या बॅचला ते परत एकटेच येतील.

शब्द ठरला "पेज". पाण्यात कोणी चुकूनही बोलणार नाही असा. तांडेलकाकांना सगळी योजना आधी समजावली, त्यांनी जाळ्याचा तुकडा स्वतःहून काढून ठेवलाय. एकच प्रश्न उरला, सर म्हणतायत सीनारिओ दुपारी जेवणानंतर घेऊ, तेव्हा आम्ही दमलेलो असू आणि परिस्थिती जास्त खरी वाटेल. हे बरोबर आहे का?

खाडीपलीकडची

दमलेलं असणं ठीक, पण पोट भरलेलं नको. व्हिक्टिमला उलटी झाली तर नाटकाचं खरं व्हायला वेळ लागत नाही.

फिनवाला_मास्तर

आणि वाऱ्याचं काय? मार्चनंतर दुपारी वायव्येचा वारा धरतो, लाटांना डोकी फुटतात. पहिला सीनारिओ शांत पाण्यात होऊ दे. तो नीट जमला तर दुसरा थोड्या उठलेल्या पाण्यात घ्या, तेव्हा इन्स्ट्रक्टर आणि डाईव्हमास्टर दोघं पाण्यात मोकळे हवेत.

सर्जेकोटचो_झिल

सकाळी सातच्या आदी धक्क्यार येवा. अकराच्या आत आटपता. दुपारी तुमच्या सरांका दमूचा आसात तर रापण ओढूक धाडा.

वेंगुर्ल्याची_लाट

😀 सांगते सरांना. सकाळीच घेऊया. सगळ्यांचे मनापासून आभार, झाल्यावर इथेच लिहीन.

आडगावचा_डॉक्टर

लाट, निघण्याआधी एक बघा. बी टाइप सिलिंडर उघडायला चावी लागते आणि ती नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशात असते. चावी दोरीने सिलिंडरलाच बांधून टाका, धक्क्यावर असतानाच एकदा उघडून काटा बघा, आणि तिघांनीही आपापल्या हाताने उघडून बघा.